गुरुवारचा बाप, रविवारचा पेशंट

शाळेच्या नर्सकडे आजारी मुलं कमी येतात. जास्त येतात ती गणिताचा पेपर असलेली मुलं. पोटावर हात ठेवून, चेहरा पाडून, दारातूनच ‘सिस्टर, आय ॲम फीलिंग समथिंग’ म्हणणारी. मस्कतमधल्या एका भारतीय शाळेत मी इतकी वर्षं काढली, की पोराला ताप आहे की तोंडी परीक्षा, हे थर्मामीटर न लावता सांगता यायचं. आता निवृत्त होऊन वसईला परत आले आहे. आमच्या नाताळ अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, ‘सिस्टर, आखातातल्या सेवेबद्दल काहीतरी प्रेरणादायी लिहा.’ प्रेरणादायी माझ्याकडे फारसं काही नाही. वैताग भरपूर आहे. तो चालत असेल तर लिहिते.

शाळेतली नर्स काय करते, असं लोक मला अजून विचारतात. बँडएड लावते, असं त्यांना वाटतं. लावतेच. उन्हाळ्यात नाकातून रक्त येणारी मुलं असतात, बसमध्ये उलटी करणारी असतात, मैदानावर गुडघे फोडून घेणारी तर रोजची गिऱ्हाइकं. पण मुलांचं काम सोपं. खरं काम पालकांचं. पहाटे तापाचं औषध पाजून पोराला बसमध्ये बसवून देणारी आई मधल्या सुट्टीत फोनवर म्हणते, ‘घरून निघाला तेव्हा एकदम ओके होता, सिस्टर. शाळेतच काहीतरी झालं असेल.’ एका वडिलांनी तर मुलीच्या डोक्यातल्या उवांबद्दल मलाच लेखी माफी मागायला सांगितली होती. उवा मी आणल्या होत्या जणू!

तर अशा सगळ्यांत मला ज्यानं सर्वांत जास्त छळलं, त्या माणसाबद्दल लिहिते. त्याचं नाव इथे प्रशांत ठेवू. त्याच्या मुलाचं नाव निहाल ठेवू. खरी नावं मी लिहिणार नाही, कारण निहाल अजून त्याच शाळेत शिकतो आहे.

त्याआधी आजार सांगायला हवा. काही मुलांच्या रक्तात एक द्रव्य जन्मतःच कमी असतं. इंग्रजी नाव लांबलचक आहे, सगळे जीसिक्सपीडी म्हणतात. या द्रव्याचं काम तांबड्या पेशींना सांभाळायचं. ते कमी असलं तरी मूल इतरांसारखंच धावतं, खेळतं, मारामाऱ्या करतं. पण काही ठरावीक गोष्टी अंगात गेल्या की तांबड्या पेशी भराभर फुटायला लागतात. डोळे पिवळे होतात, लघवी कोलासारखी काळपट होते, पोर पांढरंफटक पडतं. वेळेवर दवाखान्यात नेलं नाही तर जिवावर बेततं. बाकला नावाच्या घेवड्यासारख्या शेंगेच्या दाण्यांची उसळ, जिला तिथे फूल म्हणतात, ती चालत नाही. काही औषधं चालत नाहीत. आणि कपड्यांत ठेवायच्या डांबरगोळ्यांचा वाससुद्धा चालत नाही. याला औषध नाही, फक्त पथ्य आहे, आणि ते जन्मभर.

ओमानमध्ये हा आजार घरोघरी माहीत असतो. बाळ जन्मलं की तपासतात. आपले लोक मात्र ऐकल्याबरोबर हात झटकतात. प्रशांत मला पहिल्याच भेटीत म्हणाला, ‘सिस्टर, हे अरबांचं असतं. आपल्यात नसतं.’

मी म्हटलं, ‘अहो, रिपोर्ट तुमच्या मुलाचा आहे.’

‘रिपोर्टचं काय घेऊन बसलात! आमच्या पूर्ण खानदानात कोणाला नाही.’

मुलग्यांमध्ये हे आईच्या बाजूनं येतं, हे मी त्याला सांगायला नको होतं. ते त्यानं नेमकं लक्षात ठेवलं. बाकीचं सगळं विसरला.

तो आणि मनीषा, निहालची आई, दोघंही अकोल्याकडचे. तो बांधकाम कंपनीत इंजिनिअर, ती एका ऑफिसात अकाउंट्स बघायची. नोकऱ्या दोघांच्या मस्कतमध्ये, पण घटस्फोट झाला भारतात, कोर्टासमोर दोघांच्या सहीनं. निहाल आईकडे अल अमेरातला राहणार. गुरुवारी शाळा सुटली की बाप त्याला अल मवालेहला आपल्या फ्लॅटवर नेणार आणि शनिवारी संध्याकाळी परत सोडणार. तिथली सुट्टी शुक्रवार-शनिवारची. हुकुमात निहालच्या आजाराबद्दल वेगळं कलम होतं. बापाच्या घरी बाकला नको, डांबरगोळ्या नकोत, डॉक्टरला विचारल्याशिवाय कुठलीही गोळी द्यायची नाही, मनगटावरची आजाराचं नाव लिहिलेली पट्टी काढायची नाही, आणि डोळे पिवळे दिसले तर ताबडतोब हॉस्पिटल गाठून आईला फोन करायचा. पाचवीतल्या पोरालाही समजेल असं साधं लिहिलं होतं. मनीषानं त्याची एक प्रत माझ्याकडेही दिली होती.

गुरुवारी शाळेच्या गेटवर प्रशांत काय करायचा? गाडीचं दार उघडायच्या आधी पोराच्या मनगटावरची पट्टी काढून दप्तराच्या खिशात टाकायचा. दर गुरुवारी. मी एकदा त्याला गेटवर गाठलंच.

‘का काढता ती?’

‘मुलाच्या हातावर आजारी असल्याचा शिक्का कशाला, सिस्टर? कॉम्प्लेक्स येतो.’

‘कोर्टाचा हुकूम आहे.’

‘तिकडच्या कोर्टाचा. इथे कोण बघायला येणार आहे?’

आणि हेच तर खरं होतं, त्यामुळे माझा आणखी तिळपापड व्हायचा. मनीषानं भारतातल्या वकिलाला फोन केला, की तो तारीख सांगायचा. तारखेला फोन केला, की पुढची तारीख सांगायचा. मस्कतच्या वकिलानं सांगितलं, की आधी हुकुमाचं अरबीत भाषांतर करा, त्यावर शिक्के घ्या, मग इथल्या कोर्टाकडून तो मान्य करून घ्या, मग बघू. आमच्या प्रिन्सिपॉल मॅडम म्हणाल्या, ‘सिस्टर, स्कूल शुड नॉट गेट इन्व्हॉल्व्ह्ड. इन्शाल्ला, सगळं ठीक होईल.’ कोणी म्हणजे कोणी त्या माणसाला धरून विचारत नव्हतं, की बाबा रे, तुझा हट्ट काय आहे? शेवटी रविवारी सकाळी पहिल्या तासाला निहालला माझ्या खोलीत बोलवायचं आणि डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची, हे मीच सुरू केलं. कोणी सांगितलं नव्हतं. त्यालाही सवय झाली. येऊन स्वतःच पापणी ओढून उभा राहायचा.

एका रविवारी डोळ्यांत पिवळी झाक दिसली. फार नव्हती, पण होती.

‘काय खाल्लंस?’

निहालचं मराठी बेताचं. सगळं इंग्रजीत सांगायचा. म्हणाला, पप्पा रुस्ताकला घेऊन गेले होते, गरम पाण्याचा झरा बघायला. तिथल्या छोट्या हॉटेलात नाश्त्याला फूल आलं. ‘आय टोल्ड द अंकल, आय हॅव जीसिक्सपीडी.’ हॉटेलवाल्या ओमानी माणसानं लगेच प्लेट उचलली. ‘खलास, नो फूल फॉर हिम,’ म्हणाला. आणि प्रशांतनं ती प्लेट परत ओढून घेतली. दोन घास खाऊन काय होतं, म्हणे.

म्हणजे रुस्ताकच्या हॉटेलवाल्याला कळतं आणि बापाला कळत नाही! त्या दिवशी सुदैवानं थोडक्यात निभावलं. डॉक्टरनं रक्त तपासून घरी पाठवलं. मी प्रशांतला फोन केला तर हसून म्हणतो, ‘बघा, काही झालं का? उगाच घाबरवता तुम्ही लोक.’ मी फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हटलं, मला या माणसाच्या डोक्यात बर्फाची पिशवी घालायची आहे. माझा नवरा हॉटेलात शेफ होता. तो म्हणाला, जेवून घे आधी.

मग थंडीत प्रशांतची आई व्हिजिटवर आली.

तिकडे थंडी म्हणजे काय, हे वसईत कोणाला सांगून पटणार नाही. बाहेर छान हवा असते, पण घराघरांत एसी चालूच. प्रशांतला एसी एकदम थंडगार लागायचा. आजीनं गावाहून नातवासाठी गोधडी आणली होती आणि स्वतः विणलेला गडद निळा स्वेटर. आजीसाठी म्हणून त्या शनिवारी बापानं निहालला ठेवून घेतलं, आणि शाळेच्या स्वेटरचा रंग तोच, म्हणून रविवारी तो स्वेटर घालूनच थेट शाळेत आला.

त्या रविवारी मी बोलवायच्या आधीच तो आला. दाराला धरून उभा होता. म्हणाला, ‘सिस्टर, माय सूसू इज लाइक कोला.’

पापणी ओढायची गरजच नव्हती. सगळा चेहरा मेणासारखा झाला होता. मी त्याला पलंगावर घेतलं, आणि त्याला उचलताना तो वास माझ्या नाकात शिरला. हा वास मी कुठेही ओळखेन. लहानपणी नाताळच्या मिस्साला आमचं अख्खं चर्च त्यानं घमघमायचं. वर्षभर ट्रंकेत पडलेले कोट, बायकांच्या ठेवणीतल्या साड्या, सगळ्यांना डांबरगोळ्यांचा वास. आम्हाला तो सणाचा वास वाटायचा.  त्या दिवशी मात्र तो स्वेटर आधी त्याच्या अंगातून ओढून काढला, खिडकीबाहेर टाकला आणि मग फोन लावले.

हॉस्पिटलात त्याला रक्त द्यावं लागलं. तिथल्या ओमानी डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न डांबरगोळ्यांचाच विचारला. मनीषा धावत आली होती, ऑफिसचं कार्ड गळ्यात तसंच. ती रडत नव्हती. फक्त परत परत म्हणत होती, ‘मी लिहून दिलं होतं. सिस्टर, मी तर लिहून दिलं होतं.’

संध्याकाळी मी नवऱ्याबरोबर वॉर्डात गेले. मनीषा बाहेर पॅसेजमध्ये बाकावर बसलेली. आत का नाहीस, म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘आई आल्यात ना आत. त्या माझं तोंड बघत नाहीत.’

आत आजी निहालच्या उशाशी बसलेल्या. बारीक, उंच बाई, डोक्यावर पदर. वॉर्डातही एसी जोरात. त्यांनी पिशवीतून ती गोधडी काढली आणि पोराच्या अंगावर घालायला लागल्या. पलीकडे प्रशांत उभा. निहालनं हातानं गोधडी ढकलली.

‘आजी, नो. मॉथबॉल्स. आय कान्ट.’

‘हो बेटा, हो,’ म्हणत आजींनी ती आणखी वर ओढली. त्यांना बिचाऱ्यांना इंग्रजी काय कळणार? पोर बापाकडे बघायला लागलं. मीही बघायला लागले. एक वाक्य बोलायचं होतं त्यानं. एक!

प्रशांत म्हणाला, ‘आई, राहू दे. त्याला थंडी नाही वाजत.’

तेव्हा मात्र माझा बांध फुटला. मी गोधडी उचलून बाजूला केली आणि आजींना सरळ मराठीत सांगितलं. की त्याच्या रक्ताला डांबरगोळ्या विषासारख्या आहेत. गोधडीत त्या होत्या, स्वेटरमध्ये होत्या, म्हणून आज तो इथे आहे. यात तुमची काही चूक नाही.

आजी म्हणाल्या, ‘मले कोनी काही सांगतलंच नाही बाई. जन्मापासून हाय हे?’

‘जन्मापासून.’

मग त्या प्रशांतकडे वळल्या. ‘तुले माहीत होतं?’

त्यानं बाजूला ठेवलेल्या गोधडीची घडी घालायला घेतली.

‘तू तं म्हणे, मनीषा खोटं बोलून रायली. पोराले आजारी ठरवून कोर्टात अडकवून रायली म्हणे. साऱ्या गावात सांगतलं तू. म्या बी सांगतलं लोकायले.’

इतकी वर्षं मी डोकं आपटून घेत होते, की हा माणूस इतका शिकलेला, मुलावर जीव टाकणारा, मग साधं पथ्य का पाळत नाही? उत्तर हे होतं. पथ्य पाळलं असतं तर आज ना उद्या ते आईला दिसलं असतं आणि तिनं विचारलं असतं, का रे बाबा, हे कशासाठी? मग बायको खरं बोलत होती, हे कबूल करावं लागलं असतं. म्हणून पट्टी दप्तरात, म्हणून फूलची प्लेट, म्हणून गोधडी. स्वतःच्या आईसमोर खोटा पडू नये म्हणून त्यानं पोराचं रक्त पणाला लावलं. मला इतका राग आला, की मी तिथून बाहेर निघून गेले.

आजी माझ्या मागोमाग पॅसेजमध्ये आल्या. मनीषा गडबडीनं उठून उभी राहिली. आजींनी तिला काही म्हटलं नाही. नुसतं तिच्या पाठीवर हात ठेवून तिला आत, लेकराजवळ नेलं, आणि स्वतः बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या.

गोष्ट इथे संपली असती तर संपादकबाईंना आवडली असती. निहाल बरा झाला, शाळेत आला, आजी गावी गेल्या. आणि गुरुवारी बाप आलाच नाही.

पुढच्या गुरुवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आधी पथ्याचं कलम मोडत होता, आता भेटीचं मोडायला लागला. शरम वाटत असेल, पण ती शरम काय चाटायची होती त्या पोरानं? मनीषानं मेसेज केले, उत्तर नाही. मी फोन केले, उचलले नाहीत. निहाल गुरुवारी दोन दिवसांच्या कपड्यांची बॅग घेऊन यायचा. गेट रिकामं झालं की वॉचमन त्याला माझ्या खोलीत आणून सोडायचा आणि मनीषा ऑफिसातून येईपर्यंत तो पलंगावर पाय हलवत बसायचा.

असाच बसलेला असताना एकदा त्यानं विचारलं, ‘सिस्टर, कॅन आय टेल पप्पा इट वेंट अवे?’

‘काय वेंट अवे?’

‘जीसिक्सपीडी. आय विल से आय ॲम ओके नाऊ. देन ही विल कम, नो?’

मी उठून कपाटातल्या बाटल्या सारख्या करायला लागले. त्या सारख्याच होत्या. त्याच्याकडे तोंड करून उभं राहणं मला जमेना.

मनीषा त्याला घेऊन गेल्यावर मी घरी येऊन, माझ्या फोनवरून नाही, तर नवऱ्याच्या फोनवरून प्रशांतला लावला. नंबर अनोळखी, म्हणून उचलला.

‘ठेवू नका फोन,’ मी म्हटलं. ‘तुमचा मुलगा खोटं बोलायला तयार आहे. मी बरा झालो असं सांगतो म्हणतोय, मग पप्पा येतील म्हणतोय. तुम्ही अख्ख्या गावाला जे खोटं सांगितलंत, ते आता तो तुमच्यासाठी सांगणार आहे. शिकवा त्याला. चांगलं शिकवा.’

 एवढं बोलून मीच फोन ठेवला.

गुरुवारी शाळा सुटण्याच्या आधी तो माझ्या खोलीत आला. दाढी वाढलेली. मुलांसाठीच्या बुटक्या स्टुलावर बसला, गुडघे छातीपर्यंत आलेले. म्हणाला, ‘सिस्टर, काय काय चालत नाही त्याला? एकदा सांगा.’

‘अहो, कोर्टाच्या हुकुमात सगळं लिहिलंय!’

‘मी वाचला नाही तो.’

‘तुमची सही आहे त्याच्यावर.’

‘सही केली. वाचला नाही.’

मी कपाळावर हात मारून घेतला. एवढी वर्षं, एवढ्या तारखा, ते शिक्के, ती भाषांतरं, ते रक्त, आणि हा माणूस म्हणतो, वाचला नाही! मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात बॅग घेऊन निहाल दारात आला. बापाला बघून तिथेच थांबला. मग म्हणाला, ‘सिस्टर, आय विल टेल.’ आणि बापासमोर उभं राहून, पाठ केलेला धडा म्हणावा तसं एकेक सांगत गेला. बाकला, डांबरगोळ्या, कुठल्या गोळ्या, कधी हॉस्पिटल. प्रशांत मान खाली घालून ऐकत होता. मध्ये एकदाही ‘पण’ म्हणाला नाही.

रविवारी डोळे पांढरेशुभ्र होते. मी खुशीत मनीषाला फोन करून सगळं सांगितलं. वाटलं, ती सुटकेचा श्वास टाकेल. 

पण ती म्हणाली, ‘सिस्टर, हेच मी त्याला घरात सांगत होते. स्वयंपाकघरात उभी राहून, रोज. इतकंच ऐकायचं होतं त्याला, तर तेव्हा ऐकलं असतं ना. मला कोर्टात जावंच लागलं नसतं.’

मी म्हटलं, ‘हो गं.’